काचेत वाचलेला फॉर्म

"हात नको लाऊ! काच खराब व्हई जाई."

मी बोट दाखवलं होतं, एवढंच. काउंटरवरून वाकून सांगत होते की शेठ, बापाचं नाव चुकलंय. स्क्रीनला माझं बोट लागलंही नसेल. शेठने ते बाजूला सारलं, तेही हाताने नाही, पेनाच्या टोकाने. मग ड्रॉवरमधून पिवळं फडकं काढलं आणि स्क्रीन पुसली. मग माउस पुसला. माउसला तर मी हातच लावला नव्हता.

मी तेव्हा दहावीत होते. आश्रमशाळेतून सुट्टी काढून बासोबत, म्हणजे माझ्या बापासोबत, जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला तळोद्याला आले होते. मोलगीच्या वरच्या अंगाला आमचा पाडा. तिथून जीपने अक्कलकुवा, पुढे एसटी. तळोद्यातल्या त्या झेरॉक्सच्या दुकानात बा चप्पल बाहेर काढून उभा राहायचा. दुसरं कुणी काढत नव्हतं, फरशीवर सगळ्यांच्या चपलांची माती होती. बा काढायचा. शेठने माझं बोट ढकललं तसा बाच घाईने म्हणाला, "चुकी गयं शेठ, पोर धाकली शे." माझ्या वतीने माफी मागितली त्याने. कशाची, ते मला आजही कळलेलं नाही.

आणि नाव चुकलंच होतं. पुसून झाल्यावर शेठने स्क्रीनकडे पाहिलं, दोनचार बटणं दाबली, बाचं नाव नीट केलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, "तुले कसं दिसनं?"

मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने तेही बंद केलं असतं.

शेठच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं. वह्या, कंपासपेट्या, देवांचे लॅमिनेशन केलेले फोटो. स्क्रीन शेठच्या तोंडाकडे. आमच्याकडे तिची पाठ, वायरी आणि धूळ. पण दुकानात अंधार आणि स्क्रीन उजळ, म्हणून तिच्यावरचं सगळं त्या कपाटाच्या काचेत पडायचं. उलटं पडायचं. शेठचं डोकं मध्ये यायचं तेवढं सोडलं तर बाकी सगळं दिसायचं.

पाड्यात लिहितावाचता येणारी मुलगी मी एकटी. कुणाचं रेशन कार्ड असो, कुणाचा वनहक्काचा कागद, लोक मला सोबत न्यायचे. सुट्टीत घरी आले की माझं हेच काम. आत एक खुर्ची होती, ती शेठच्या ओळखीच्या लोकांसाठी. आम्ही उभे. दोन दोन तास उभे. त्या दोन तासांत मी काच बघायचे. ब्राउझर नावाची चीज मी अशी शिकले. कुणी शिकवलं नाही. वर उजव्या कोपऱ्यात उजवीकडे तोंड केलेला बाण असतो, तो दाबला की मागचं पान येतं. डाव्या कोपऱ्यात फुली असते, ती दाबली की सगळं जातं. वर लांब पट्टी असते, तिच्यात पत्ता लिहायचा. शेठ लिहायचा तेव्हा अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत जायची.

घरी याहाचा, माझ्या आईचा, हाटातून घेतलेला लाल प्लास्टिकचा आरसा होता. त्याच्यासमोर पुस्तक धरून मी उलटं वाचायचा सराव करायचे. याहा म्हणायची, ह्या पोरीला बाहेरचं काही लागलंय. खोटं कशाला बोलू, मला त्याचा माज होता. शेठला वाटतं हिला काही दिसत नाही, आणि मला सगळं दिसतंय. ह्या एका गोष्टीवर मी दोन वर्षं ताठ मानेने चालले. काय पण ताठ मान! चोरून बघणाऱ्याची.

बारावी झाली. मला नर्स व्हायचं होतं.

त्याचं कारण याहा आहे. माझ्या वेळी ती दोन दिवस अडली होती. शेवटी चौघांनी तिला झोळीत घातलं, बांबू खांद्यावर घेतला आणि डोंगर उतरवून मोलगीच्या दवाखान्यात आणलं. तिथे एक नर्स होती, म्हणून आम्ही दोघी जिवंत आहोत असं याहा म्हणते. त्या नर्सने एका कागदावर माझी जन्मतारीख लिहून दिली. तेवीस फेब्रुवारी. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार तोंडावर आला होता, बाने तो कागद बाजाराच्या पैशांसोबत गाठीला बांधून घरी नेला आणि पुढे शाळेत नेऊन गुरुजींना दाखवला. आमच्याकडे वार लक्षात ठेवतात. सोमवारी जन्मली ती आमच्या बोलीत होमी, बुधवारचा तो बुध्या. तारीख कुणाला माहीत नसते. गुरुजी मग दाखल्यावर एक जून टाकून मोकळे होतात. माझ्या वर्गात सगळ्यांचा जन्म एक जूनचा. माझा एकटीचा नाही. माझ्याकडे स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती.

नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस. दुकानात खच्चून गर्दी. मी काउंटरवर दाखला ठेवला, मार्कशीट ठेवली. शेठने नाव विचारलं, टाइप केलं. गाव विचारलं, टाइप केलं. मोबाइल नंबर विचारला. आमच्या पाड्यावर टॉवर नाही, बाचा फोन उतारावरच्या एका मोहाच्या झाडाखाली गेलं तरच लागतो. शेठ म्हणाला, "मन्हा टाकी देस." त्याने स्वतःचा नंबर टाकला. मग तो जन्मतारखेवर आला. चौकटीवर क्लिक केलं तशी खाली एक यादी उघडली. शेठने दाखल्याकडे मान वळवलीच नाही. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला म्हणाला, "या लोकेस्नं एक बरं शे. समदास्नं एक जूनच ऱ्हास." तो माणूस हसला. शेठने यादीतलं पहिलं दाबलं.

मी काचेत पाहिलं. मला वाटलं, उलटं आहे म्हणून असं दिसतंय. पुन्हा पाहिलं. तेवीस फेब्रुवारी उलटी वाचा, सुलटी वाचा, तिच्यात सहाचा आकडा येत नाही. तिथे सहा होता.

मी बोट उचललं. पिवळं फडकं ड्रॉवरच्या फटीतून बाहेर आलेलं दिसत होतं. मी बोट खाली घेतलं.

फॉर्मच्या तळाशी एक छोटी चौकट असते. तिच्यापुढे लिहिलेलं असतं, वरील सर्व माहिती मी स्वतः वाचली असून ती खरी आहे. शेठने त्यात टिक केली. माझ्या नावाने, त्याच्या बोटाने. एवढ्या गर्दीत त्याला एक सेकंदसुद्धा लागला नाही.

महिन्याभराने यादी लागली. माझ्या नावापुढे दोन ओळी. जन्मतारखेत तफावत. अर्ज अपात्र.

मी दुकानात गेले. एकटी गेले, बाला नेलं नाही. शेठने कागद पाहिला आणि परत दिला. "आते काय करू मी? तू उभी व्हती ना आठेच? बोलनी का बरं नही?"

दहावीत असताना बोलले तेव्हा त्याने माझं बोट पेनाने ढकललं होतं. आता बोलले नाही म्हणून तोच मला विचारत होता. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की शेठ बाजूलाच राहिला. घरी जाऊन मी याहाला सांगितलं की नंबर लागला नाही. तारखेचं सांगितलं नाही. तिने तो दवाखान्याचा कागद अजून पत्र्याच्या पेटीत ठेवलाय.

दिवाळीनंतर आम्ही तिघं गुजरातला ऊसतोडीला गेलो. पाड्यातले अर्धे लोक दरवर्षी जातात. नर्स व्हायला निघालेली मी मोळ्या बांधत होते. तिथल्या मुकादमाच्या मोबाइलवर सगळ्या टोळीची नावं होती. तोही कधी स्क्रीन आमच्याकडे फिरवत नसे.

उन्हाळ्यात परत आल्यावर कळलं की नंदुरबारला मुलींसाठी महिनाभराचा मोफत कॉम्प्युटर वर्ग आहे. आत्या तिथे मिरच्या वाळवतात त्या पथारीवर देठं खुडायला जाते, तिच्या खोलीत राहिले. मिरचीवरून वारा आला की वर्गातल्या सगळ्या मुली ठसकायच्या. पहिल्या दिवशी सर म्हणाले, आज ब्राउझर. कुणाला काय येतं? मी हात वर केला. आयुष्यात पहिल्यांदा. माझ्यासमोर खुर्ची होती, स्क्रीन होती, माउस होता. मला येत होतं. पट्टीत पत्ता लिहिला, पान उघडलं. सरांनी सगळ्यांना माझ्या मागे उभं केलं. म्हणाले, शाब्बास, ह्या चौकटींत तुझं नाव, गाव लिही. मी एकेक अक्षर शोधून लिहिलं, दहा मिनिटं लागली. मग ते म्हणाले, आता मागच्या पानावर जाऊन दाखव.

मी सवयीने वर उजव्या कोपऱ्यात गेले आणि न बघताच दाबलं.

सगळं गेलं. दहा मिनिटांचं लिहिलेलं, पान, खिडकी, सगळं. समोर नुसता निळा पडदा.

मागून हसू फुटलं. सर म्हणाले, "अगं, मागे जा म्हटलं, बंद कर नाही म्हटलं. कोणत्या जंगलातून आलीस?" पुन्हा हसू. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना तो विनोद वाटला. एवढ्या सहज बोलले की त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नसावं.

मला मात्र कळेना, असं कसं झालं. बाण तिथेच असतो. मी शंभरदा पाहिलाय. मग मी स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलं. बाण तिथे होता. माझं सगळं शिक्षण उलटं होतं. बाणाच्या जागी फुली आणि फुलीच्या जागी बाण. ज्याचा मी माज केला ते ज्ञान एवढ्या लायकीचं होतं.

त्या दिवशी मी उठून गेले असते. पिशवी उचललीही होती. पण हसू अजून चालू होतं आणि मला वाटलं, आता उठले तर हे कायमचं खरं होईल, की मी जंगलातून आले आणि मला समजत नाही. मी उभी राहिले. म्हणाले, "सर, मला कुणी स्क्रीन दाखवली नाही. दुकानदाराच्या मागच्या काचेत बघून शिकले. काचेत बाण उजवीकडे दिसतो."

"बरं, बस," सर म्हणाले. एवढंच. माफी वगैरे कुणी मागितली नाही. मी बसले आणि ब्राउझर पुन्हा उघडला.

खरा तडाखा चौथ्या दिवशी बसला. सर सांगत होते की ब्राउझर आपण लिहिलेलं लक्षात ठेवतो. एकदा नाव टाकलं की पुढच्या वेळी पहिलं अक्षर टाकताच खाली यादी येते, फक्त दाबायचं. "किती सोय आहे बघा," ते म्हणाले. मी ती यादी ओळखली. तीच होती. शेठच्या ब्राउझरमध्ये आमच्या डोंगरातल्या शेकडो लोकांची एक जून साठली होती. एकाची, दुसऱ्याची, सगळ्यांची. यंत्राचा काय दोष. त्याला आमच्याबद्दल जे शिकवलं तेच ते पुढे करत होतं. गुरुजींनी टाकलं, शेठने टाकलं, आणि मी समोर उभी राहून बघितलं. त्या रात्री आत्या झोपली आणि मी खूप रडले. दुःखापेक्षा रागाने रडले.

वर्ग संपायच्या आत नवीन वर्षाचे फॉर्म सुटले. यंदा मी स्वतः भरणार होते. सरांनी वर्गातला कॉम्प्युटर दिला. पत्ता लिहिला, आधार नंबर टाकला. उत्तर आलं, ह्या क्रमांकाचं खातं आधीच आहे. ते खातं उघडायला मोबाइलवर आकडे येतात. मोबाइल शेठचा. तळोद्याला गेले. शेठ म्हणाला, "तो नंबर बंद पडी गया." नंदुरबारला परत आले, नर्सिंग प्रवेशाच्या कार्यालयात गेले. खिडकीतल्या बाईंनी माझं खातं त्यांच्या स्क्रीनवर उघडलं. मी विचारलं, "मॅडम, मला बघू द्याल?" त्यांनी स्क्रीन थोडी वळवली. माझा फॉर्म मी पहिल्यांदा सरळ पाहिला. नाव माझं, बाप माझा, गाव माझं. एक जून. खाली ती टिक.

"ही तारीख माझी नाही," मी म्हणाले. दाखला दाखवला.

बाईंनी बोट टिकेवर ठेवलं. "तुम्ही वाचून खात्री केली आहे असं इथे दिसतंय. सबमिट केल्यावर बदलता येत नाही. दुरुस्तीचा अर्ज ऑनलाइनच करायचा, त्याचा कोड त्याच नंबरवर येईल."

"तो नंबर माझा नाही."

"मग का दिलात?"

मी सांगायला लागले. मागे रांग होती. बाई म्हणाल्या, लेखी द्या. मी लेखी दिलं. त्याची पोच माझ्याकडे आहे. नंतर चारदा गेले, चारही वेळा नवीन पोच मिळाली. फॉर्मची मुदत संपली. तारीख अजून एक जूनच आहे. खरं सांगायचं तर मी वाचलं होतं, टिक खोटी नाही. हे मला कुणाला समजावता येत नाही आणि विसरताही येत नाही.

नर्सचं बहुतेक गेलंच. मी स्वतःची समजूत काढत नाही. याहाला मात्र आता सगळं सांगितलं, काचेपासून फडक्यापर्यंत. तिने पेटीतून तो दवाखान्याचा कागद काढला, माझ्या हातात दिला आणि आमच्या बोलीत म्हणाली, "मी दोन दिवस मरत होते, तो दिवस मला माहीत आहे. त्या माणसाला काय माहीत?" आणि चुलीकडे गेली.

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची होमीकाकी माझ्याकडे आली. तिला आश्रमशाळेत स्वयंपाकाच्या कामाचा अर्ज भरायचा होता. शेवटचे दोन दिवस, म्हणून तळोद्यालाच जावं लागलं. त्याच दुकानात. होमीकाकीने दारात चप्पल काढली. मी म्हणाले, काकी, घाल. तिने माझ्याकडे पाहिलं, शेठकडे पाहिलं, आणि घातली.

शेठने नाव विचारलं. गाव विचारलं. जन्मतारखेच्या चौकटीवर गेला. यादी पडली. मी काचेत पाहिलं नाही. काउंटरवरून दोन्ही हात पुढे केले, स्क्रीन दोन्ही बाजूंनी धरली आणि आमच्याकडे फिरवली. वायर ताणली गेली, पेनांचा डबा खाली पडला.

"हाई काय करी ऱ्हायनी तू?" शेठ उठून उभा राहिला. "मन्हं दुकान शे हाई!"

"दुकान तुमचं. फॉर्म हिचा."

"तुले काय समजस त्यामा?"

"सगळं. तुम्ही यादीतलं पहिलं दाबता. ते हिचं नाही. हिचा जन्मदाखला समोर आहे, बघा."

त्याने फडकं काढलं. सवयीने काढलं असेल. मी स्क्रीन सोडली नाही. शेवटी रांगेतला एक म्हातारा म्हणाला, दाखव ना रे भाऊ, काय जातं तुझं. शेठने दाखला पाहिला, तारीख टाइप केली. होमीकाकीला वाचता येत नाही. मी एकेक ओळ मोठ्याने तिच्या बोलीत वाचून दाखवली. नंबर तिच्या भावाचा टाकला, तो अक्कलकुव्यात राहतो, त्याचा फोन लागतो. तळाशी टिकेची चौकट आली तेव्हा मी माउस ओढून तिच्या हाताखाली दिला. तिचा हात तीनदा चुकला. चौथ्यांदा टिक पडली.

पावती देताना शेठ म्हणाला, "आते तुन्हा पाडाना एक बी फॉर्म आठे आनू नको."

ठीक आहे. आता आम्हाला नंदुरबारला जावं लागतं. एक दिवस जातो, एका दिवसाची मजुरी जाते. होमीकाकीचं काम होईल याची खात्री नाही. पाड्यातले दोघे माझ्यावर चिडलेत, म्हणतात जवळचं दुकान तू घालवलंस. बरोबर आहे त्यांचं, मीच घालवलं. बा सांगतो की दिवाळीनंतर पुन्हा उसाला जायचंय. जाईन. मोळ्याही बांधीन.

पण परत आल्यावर आमच्या पाड्यातल्या ज्याचा फॉर्म असेल त्याच्यासोबत मी जाणार. तारीख विचारणार. माहीत नसेल तर त्याच्या आईला विचारणार. माझ्यासमोर आमच्या कुणाच्या नावाने दुसऱ्याच्या बोटाची टिक पडू देणार नाही. स्क्रीन जिथे असेल तिथून आमच्याकडे फिरवणार. तिला दोन हात लागतात, मी दोन्ही लावणार. डाग पडले तर मागून पुसत बसा.